अंमल

छत्रपती संभाजीनगर शहराच्या गारखेडा भागात पुंडलिकनगर नावाची एक दाट वस्ती आहे. कारखान्यांत पाळ्यांनी काम करणारे कामगार, लहानमोठे दुकानदार, नोकरदार, खेड्यांतून शिकावयास आलेले विद्यार्थी अशी नाना प्रकारची माणसे येथे शेजारी शेजारी राहतात. दिवेलागणीच्या वेळी भाजीच्या गाड्यांभोवती जशी गर्दी असते, तशीच औषधांच्या दुकानांपाशीही असते. अशा एखाद्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. बारा वर्षांचा एक मुलगा गोळ्यांचे रिकामे पाकीट हातात घेऊन उभा आहे. त्याच्या आजीला चार रात्री झोप नाही.

"काका, यातल्या दोनच गोळ्या द्या."

"चिठ्ठी आणलीस का, बाळा?"

"आहे ना, ही बघा. पण ती गेल्या वर्षीची आहे."

"मग नाही देता येणार. उद्या सकाळी आजीला डॉक्टरांकडे घेऊन जायला सांग बाबांना. नवी चिठ्ठी आणा, लगेच देतो."

मुलगा हिरमुसतो. दोनच तर गोळ्या! पैसे आणले आहेत, पाकीट आणले आहे, आणि गोळ्या समोरच्या कपाटात दिसतही आहेत. आज रात्री आजी पुन्हा कूस बदलत पडून राहील, ती काय या काकांना दिसणार आहे? मुलाचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि दुकानदार निष्ठुर आहे असेही नाही. तो ज्या नियमाला धरून वागला, तो नियम कोठून आला आणि कशासाठी आला, हे समजून घ्यावयाचे तर आधी त्या गोळीची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या मेंदूतील अब्जावधी पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवीत असतात. काही निरोप 'जागा हो, धाव, बोल' अशा प्रकारचे असतात, तर काही 'थांब, स्वस्थ हो' असे सांगणारे असतात. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे या दुसऱ्या प्रकारच्या निरोपांना बळ देतात. त्यामुळे धास्तावलेले मन शांत होते आणि डोळा लागतो. याच कुळातील काही औषधांनी अपस्माराचा झटका थांबविता येतो आणि माणसाचा जीव वाचतो. म्हणजे गोळी वाईट नाही. डॉक्टर ती बेताच्या मात्रेत आणि बहुधा थोड्याच दिवसांसाठी देतात.

पण मेंदू हा मोठा हिशेबी आहे. बाहेरून शांततेचा पुरवठा रोज होऊ लागला की तो स्वतःचा पुरवठा आखडता घेतो. मग पहिल्या दिवशी जी मात्रा पुरत होती ती काही आठवड्यांनी पुरेनाशी होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार गोळ्या होतात. एखाद्या दिवशी गोळी मिळाली नाही, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप पार उडते, आणि कित्येकांना झटकेही येतात. म्हणून ही सवय जडलेल्या माणसाने मनाच्या हिय्याने एकाएकी गोळी सोडणेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडावी लागते. शिवाय अशा गोळ्यांच्या धुंदीत बरेवाईट कळत नाही आणि केलेले आठवत नाही. रात्री कोणावर हात उगारला हे सकाळी ज्याला सांगावे लागते, त्याच्या घरच्यांची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी.

छत्रपती संभाजीनगरात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांना 'बटन' म्हणतात. मालेगावकडे त्यांना 'कुत्ता गोळी' असे नाव पडले आहे. अशा नावांकडे जरा लक्ष दिले पाहिजे. 'झोपेचे औषध' म्हटले की माणूस बिचकतो, चार प्रश्न विचारतो. 'बटन' म्हटले की कपड्याच्या बटनाइतके ते निरुपद्रवी वाटते. विकणाऱ्याचे निम्मे काम नावच करून टाकते.

मराठीत 'अंमल' हा शब्दही मोठा विचार करण्यासारखा आहे. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असे म्हणताना आपण राज्यसत्तेविषयी बोलत असतो. अफूचा अंमल, भांगेचा अंमल म्हणताना नशेविषयी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृती, काम असा. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथे त्याला हे दोन्ही अर्थ चिकटले. अंमलदार, अंमलबजावणी हे शब्द पहिल्या अर्थाचे, तर अंमली पदार्थ हा दुसऱ्या अर्थाचा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. ज्याच्यावर अंमल बसतो, तो आपल्या मर्जीचा धनी राहत नाही. तेव्हा एका अंमलाला दुसऱ्या अंमलाने आवर घालावयाचा, असे हे सरकारी काम आहे. ते वाटते तितके सरळ नाही.

इतिहासात तर सरकारच नशेच्या व्यापारात उतरलेले दिसते. इंग्रजी अमदानीत माळव्याची अफू मुंबई बंदरात येई आणि तेथून जहाजांनी चीनला जाई. सरकारला तिचे मोठे उत्पन्न होते. चीनने या व्यापाराला विरोध केला तेव्हा १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी त्या देशाशी युद्ध पुकारले. इतिहासात ते 'अफूचे युद्ध' म्हणूनच ओळखले जाते. घरच्या घरी काय चालले होते, ते याहून करुण आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक आया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' चाटवून कामावर जात. मूल दिवसभर निजून राही. त्या आयांना निर्दय म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. घरी सांभाळणारे कोणी नसे आणि पाळी चुकवली तर चूल पेटत नसे. बाळागोळीला आळा घालावयाचा तर केवळ बंदी पुरेशी नव्हती. गिरणीजवळ पाळणाघरेही हवी होती.

स्वातंत्र्यानंतर आपल्या संविधानाने या प्रश्नात राज्याला दिशा दाखविली. अनुच्छेद ४७ मध्ये असे म्हटले आहे की, मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अशी मादक द्रव्ये यांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्य करील. मात्र औषधी प्रयोजनांचा अपवाद त्यात आहे. हा लहानसा अपवाद फार महत्त्वाचा आहे. अफूपासून मॉर्फिन होते, आणि कर्करोगाच्या असह्य वेदना शमविण्यास मॉर्फिनसारखे दुसरे साधन क्वचितच असेल. म्हणूनच मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत ठरावीक भागांत, सरकारी परवान्याने, आजही अफूचे पीक घेतले जाते. निघालेली अफू शेतकऱ्याने सरकारच्याच हवाली करावयाची असते. नीमच आणि गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत.

१९८५ साली संसदेने एक व्यापक कायदा केला. त्याचे मराठी नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असे लांबलचक आहे. नाव लांब असले तरी त्यातील एकही शब्द वाया गेलेला नाही. अफू, गांजा, कोकेन यांसारखे पदार्थ पहिल्या भागात येतात, तर कारखान्यात तयार होणाऱ्या, मनावर परिणाम करणाऱ्या गोळ्या दुसऱ्या भागात. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, या कामासाठी केंद्र सरकारने अंमली पदार्थ नियंत्रण विभाग स्थापन केला. २००१ साली कायद्यात सुधारणा होऊन शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडण्यात आली. जवळ थोडेसे बाळगणारा आणि व्यापाराइतका साठा करणारा यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हते. व्यापारी प्रमाणात साठा सापडल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड होतो.

कडक कायद्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. मॉर्फिन ठेवावयाचे तर रुग्णालयांना अनेक खात्यांचे परवाने घ्यावे लागत, आणि एखादी चूक झाली तर कारावासाची धास्ती. पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात औषधासाठी अफू पिकते, त्याच देशातील कर्करोगाचे रुग्ण वेदनांनी तळमळत राहिले. वेदनाशमनाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारून अशा अत्यावश्यक औषधांसाठी परवान्याची रीत सोपी केली. दार उघडे टाकले तर चोर शिरतो, आणि कायमचे बंद केले तर घरातला माणूस गुदमरतो. तेव्हा दाराशी जागता माणूस ठेवणे एवढाच उपाय उरतो.

पुंडलिकनगरच्या दुकानातील काका हा असाच दाराशी बसलेला माणूस आहे. गोळी कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे जाते, तेथून किरकोळ दुकानात, आणि तेथून रुग्णाच्या घरी. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा १९४० चा कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम या सर्व वाटेवर लक्ष ठेवतात. ज्या औषधांचा विशेष दुरुपयोग होतो, त्यांच्यासाठी 'अनुसूची एच-१' नावाची एक निराळी यादी करण्यात आली असून ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलाम ही दोन्ही औषधे तीत आहेत. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीनही आहे. या यादीतील औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण लिहावयाचे असते. ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक तपासणीस आले की ती त्यांच्यापुढे ठेवावी लागते. पाकिटावरही तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येत असेल तर तांबड्या अक्षरांत 'एनआरएक्स' ही खूण असते. घरातील मोठ्या माणसांना विचारून आजीआजोबांच्या औषधांवरील हा मजकूर वाचून पाहावा. तो पुष्कळदा इतका बारीक असतो की ज्याच्यासाठी तो छापला त्यालाच दिसत नाही.

आता त्या मुलाची जुनी चिठ्ठी पुन्हा पाहा. वर्षापूर्वी आजीला झोप का येत नव्हती, आणि आज का येत नाही, ही दोन कारणे वेगळी असू शकतात. कदाचित तिच्या गुडघ्याचे दुखणे वाढले असेल, किंवा दुसऱ्याच एखाद्या औषधाने झोप उडत असेल. हे ठरविणे दुकानदाराचे काम नव्हे. आणि समजा, आज त्याने आजीसाठी म्हणून चिठ्ठीवाचून दोन गोळ्या दिल्या, तर उद्या दुसरा कोणी 'माझ्याही आजीला' असे म्हणत येईल. वहीत नोंद नसलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणालाच लागत नाही. जेथे हिशेब संपतो, तेथूनच 'बटन' सुरू होते.

छत्रपती संभाजीनगर शहर पोलिसांचे अंमली पदार्थविरोधी पथक या बिनहिशेबी गोळ्यांचा माग काढीत असते. अलीकडच्या वर्षांत शहरात अशा गोळ्यांचे साठे वारंवार पकडले गेले आहेत. पोलीस छापा घालताना अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि पंच बरोबर घेतात, सापडलेला माल मोजून त्यावर मोहोर करतात आणि नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवितात. एवढा खटाटोप कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण शिक्षा जितकी कडक, तितका पुरावा चोख हवा. नाहीतर निरपराध माणूस अडकावयाचा किंवा अपराधी सुटावयाचा. झडतीपूर्वी, 'तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, असा तुम्हांला हक्क आहे,' हे त्या माणसाला सांगावे लागते. कायद्याच्या अंमलालाही अशी मर्यादा घातलेली आहे.

काही वेळा संकट गोळीपेक्षा कितीतरी मोठे असते. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबादच्या पोलिसांसह छत्रपती संभाजीनगरात आणि जवळच्या पैठण औद्योगिक वसाहतीत छापे घातले. तेथे कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोन या पदार्थांचा अडीचशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडला. यांपैकी केटामाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे उपयुक्त औषध आहे. मेफेड्रोन मात्र औषधच नव्हे. कारखान्यातील रसायनांपासून ते चोरून तयार करतात, आणि २०१५ साली ते १९८५ च्या कायद्याच्या यादीत घालावे लागले. नवा पदार्थ निघतो, त्याला नवे नाव मिळते, आणि कायदा त्याच्या मागून धावतो. त्यासाठीच राज्य शासनाने २०२३ मध्ये अंमली पदार्थांविरुद्ध विशेष कृती दल उभारण्याचा निर्णय घेतला. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समन्वय समितीही असते.

परंतु विकणारा पकडला गेला, तरी ज्याला सवय जडली तो घरातच असतो. त्याचे काय करावयाचे? येथे १९८५ च्या कायद्याची दुसरी बाजू दिसते. व्यसन जडलेल्या माणसाने आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्याची तयारी दाखविली, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालविला जात नाही. ही तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. त्याने उपचार अर्धवट टाकले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते.

व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे काम पुण्यातील एका दांपत्याने केले. १९८० नंतरच्या दशकात 'गर्द' नावाच्या विषाने शहरांतील तरुणांना ग्रासले होते. पत्रकार अनिल अवचट यांनी त्या तरुणांविषयी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि उपचारकेंद्रासाठी देणगी देण्यास पुढे आले. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. तेथेच शासनाने जागा दिली आणि १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू झाले. येथे एक नवल पाहावयास मिळते. जो काल रुग्ण म्हणून आला, तोच बरा झाल्यावर नव्या रुग्णांना धीर देणारा कार्यकर्ता होतो. 'तुला काय कळणार माझे दुःख?' असे त्याला कोणी म्हणू शकत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठीही येथे निराळ्या बैठका होतात, कारण घरात एकाला व्यसन लागले की सगळे घरच आजारी पडते.

मुलांविषयी कायदा अधिक दक्ष आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार, डॉक्टरांच्या आदेशावाचून मुलाला मादक द्रव्य देणे, आणि मुलाला अशा पदार्थांची ने-आण करावयास लावणे, या दोन्ही अपराधांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "ही पुडी फक्त त्या कोपऱ्यावरच्या दादाला देऊन ये," असे सांगून दहा रुपये हातावर ठेवणारा माणूस मुलाला खाऊ देत नसतो. तो स्वतःचा तुरुंगवास मुलाच्या खिशात ठेवीत असतो. नशेच्या किंवा तिच्या व्यापाराच्या जाळ्यात ओढले जाण्याचा धोका असलेले मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आहे, असे हाच कायदा म्हणतो. अशा मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात आणि त्याचे शिक्षण, निवास, उपचार यांची व्यवस्था ती समिती पाहते.

असे काही घडताना दिसले, तर आधी आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. व्यसनमुक्तीविषयी सल्ला १४४४६ या क्रमांकावर मिळतो. चोरट्या विक्रीची माहिती देण्यासाठी २०२४ च्या जुलै महिन्यापासून १९३३ हा क्रमांक सुरू करण्यात आला असून तो अहोरात्र चालू असतो. माहिती देणाऱ्याचे नाव तेथे गुप्त ठेवले जाते.